चार आकड्यांचे कुलूप

निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, पीक विम्याची भरपाई, रोजगार हमीची मजुरी इत्यादी रकमा आता थेट बँक खात्यात जमा होतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबांना तर एटीएम कार्डाची मोठीच सोय झाली आहे. या कार्डाची किल्ली म्हणजे बहुधा चार आकड्यांचा गुप्त क्रमांक. हे कुलूप कितपत भक्कम आहे, याचा हिशेब शालेय गुणाकाराने करता येतो.

पहिल्या स्थानी ० ते ९ यांपैकी कोणताही अंक येऊ शकतो. म्हणजे १० प्रकार. त्या प्रत्येकाबरोबर दुसऱ्या स्थानी पुन्हा १०, म्हणून दोन स्थानांचे १००. याच रीतीने चार स्थानांचे १०,००० क्रमांक होतात आणि सहा स्थानांचे १० लाख. चारही अंक निराळेच असावेत अशी अट घातली, तर १० × ९ × ८ × ७ म्हणजे ५,०४० एवढेच उरतात. अट कडक दिसते खरी, पण तिच्यामुळे शक्यता जवळजवळ निम्म्यावर येतात.

अंकांच्या अशा मांडण्या मोजण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त 'अंकपाश' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचे गाव विज्जडविड हे सह्याद्रीच्या आश्रयाचे. ते म्हणजेच आजचे बीड, असे काही अभ्यासकांनी मानले, तर इतरांनी ते चाळीसगावजवळील पाटणच्या परिसरात शोधले. तो वाद येथे बाजूस ठेवू. चार हातांच्या विष्णूची चार आयुधे हातांत किती प्रकारे पालटता येतील, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. दहा हातांच्या शंभूच्या बाबतीत हीच संख्या ३६,२८,८०० वर जाते. एकच अंक पुन्हा आला, तर त्या सारख्या अंकांच्या आपसांतील मांडण्यांनी भागावे, हा नियमही त्याच प्रकरणात आहे.

हे गणित आजच्या यंत्रापाशी उपयोगी पडते. एखाद्या आकडी कुलपाच्या चारच कळा वापराने झिजलेल्या असतील, तर पाहणाऱ्यास चार अंक कळले. त्यांचा क्रम तेवढा राहिला. म्हणजे १०,००० ऐवजी २४ प्रयत्न पुरे. तीनच कळा झिजल्या असतील तर? एक अंक दोनदा आलेला असणार. तो तिघांपैकी कोणता याचे ३ पर्याय, आणि प्रत्येकाच्या मांडण्या २४ भागिले २, म्हणजे १२. एकूण ३६. कमी कळा झिजूनही शक्यता वाढल्या! दोनच कळा असतील तर मात्र १४ होतात. वर्गात मुलांकडून ही मोजणी करून घेण्याजोगी आहे.

एटीएम यंत्रावर सर्व खातेदारांची बोटे फिरतात, त्यामुळे तेथे झिजेचे भय नाही. शिवाय साधारणतः तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड अडविले जाते. निव्वळ अंदाजाने क्रमांक सापडण्याची शक्यता १०,००० त ३ एवढी अल्प राहते. खरा धोका खातेदाराच्या निवडीत असतो. लक्षात राहावा म्हणून जन्मवर्ष ठेवले, तर १९४० ते २००९ या काळातील अवघे ७० क्रमांक उरतात. जन्मतारीख व महिना ठेवला तर जास्तीत जास्त ३६६. ज्यास खातेदाराचे वय एखाद्या वर्षाच्या फरकाने ठाऊक आहे, त्याला तर तीन प्रयत्नच पुरतात, आणि खेड्यात एकमेकांचे वय कोणास ठाऊक नसते? कार्डाच्या पाकिटावर क्रमांक लिहून ठेवल्यास मोजायला काही उरतच नाही.

भ्रमणध्वनीवर येणारा सहा आकडी संकेतांक दहा लाखांतील एक असतो व थोड्याच मिनिटांत निरुपयोगी होतो. म्हणूनच फसविणारे तो शोधीत बसत नाहीत, दूरध्वनी करून विचारतात. बँकेचा कोणताही कर्मचारी तो मागत नाही, हे ग्रामसभेत पुन्हा पुन्हा सांगावयास हवे. पैसे काढण्यासाठी कार्ड दुसऱ्याच्या हाती द्यावेच लागले असेल, तर त्यानंतर गुप्त क्रमांक बदलून घ्यावा. तशी सोय बहुतेक बँकांच्या एटीएम यंत्रांवरच असते.