३१ मार्चने कापलेला हापूसचा हंगाम

रत्नागिरीचा आंबा बागायतदार पैसे ओततो पावसाळ्यापासून आणि त्याच्या हाती ते येतात मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत. खत, झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे कल्टार, मोहोरावरच्या फवारण्या, राखणदारांचे पगार हा बहुतेक खर्च ३१ मार्चच्या अलीकडे पडतो, विक्रीची मोठी रक्कम पलीकडे. एकाच हंगामाचा खर्च एका आर्थिक वर्षात आणि जमा पुढच्या वर्षात गेली, की दोन्ही वर्षांचे आकडे फसवे दिसतात. म्हणून तुलनेची पहिली पायरी म्हणजे कालावधी ठरवणे. सरकारदरबारी एप्रिल ते मार्च चालू द्यावे. बागेचा हिशेब मात्र जून ते मे धरावा.

जूनमध्ये मांडलेला बेत म्हणजे अंदाजपत्रक, म्हणजेच बजेट. मोहोर किती आला, कणी, म्हणजे नुकती धरलेली बारीक फळे, किती टिकली, हे पाहून आकडे बदलतात. तो सुधारित अंदाज. हंगाम सरल्यावर वहीत उरते ते प्रत्यक्ष. सुधारित अंदाज करताना मूळ अंदाजपत्रक खोडायचे नसते. केंद्रीय अर्थसंकल्पातही अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष हे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत छापले जातात.

सुधारित अंदाज का लागतो, हे मार्च २०२० मध्ये कोविडची टाळेबंदी लागली तेव्हा दिसले. जून २०१९च्या कोणत्याच अंदाजपत्रकात ती नव्हती. वाशीच्या घाऊक बाजाराचा भरवसा उरला नाही, तेव्हा अनेकांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोहोचवल्या. वाहतूक, भाव, अडत, सगळेच नव्याने मांडावे लागले.

खर्चाची शीर्षेही दरवर्षी तीच हवीत. यंदा फवारणीत मजुरी धरली आणि गेल्या वर्षी धरली नव्हती, तर तुलनाच उरत नाही.

शिवाय तुलना कोणत्या वर्षाशी? हापूसला आड वर्षाने फळण्याची खोड आहे. कल्टारने ती आटोक्यात येते, तरी केवळ गेल्या वर्षाशी ताडून पाहिले, तर चढ-उतार झाडाचा की व्यवहाराचा, हे कळत नाही. दोन-चार हंगामांची सरासरी अधिक खरे बोलते.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक म्हणजे तफावत. समजा, १,००० पेट्या प्रत्येकी २,५०० रुपयांनी, म्हणजे २५ लाखांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ८०० पेट्या २,८०० रुपयांनी गेल्या आणि २२ लाख ४० हजार आले. तफावत २ लाख ६० हजारांची. ती फोडली, की २०० पेट्या कमी निघाल्याने ५ लाख गेले आणि भाव चढल्याने २ लाख ४० हजार परत आले, हे दिसते.

खर्चाकडेही असेच पाहावे लागते. राखण आणि खत हा स्थिर खर्च. माल घटला तरी तो तेवढाच. खोके, पेंढा, हमाली, वाहतूक हा बदलता खर्च. ८०० पेट्यांना खोके कमी लागले ही बचत नव्हे. १,००० पेट्यांचे बजेट आधी ८०० पेट्यांवर आणून मगच ते प्रत्यक्षाशी ताडायचे.