रेंज गेली तरी चालणारा टीव्ही

वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका. तिथे काय किंवा भोरच्या डोंगराळ पट्ट्यात काय, डोंगर आडवा आला की मोबाइलची रेंज जाते. तरीही फोनमध्ये उतरवून ठेवलेला कवितेचा किंवा गणिताचा व्हिडिओ शाळेतल्या टीव्हीवर सगळ्या वर्गाला दाखवता येतो. फोन आणि टीव्ही शेजारीशेजारी असतील, तर त्यांना एकमेकांशी बोलायला दरवेळी इंटरनेट लागत नाही.

पण फोनला टीव्ही सापडतो कसा? बहुतेक पद्धतींत दोन्ही एकाच वायफायवर हवेत. फोनच्या हॉटस्पॉटला टीव्ही जोडला तरी चालते. मग ॲप 239.255.255.250 या पत्त्यावर, 1900 क्रमांकाच्या पोर्टवर दवंडी पिटते : व्हिडिओ दाखवणारे कोणी आहे का? टीव्ही आपल्या माहितीच्या फाइलचा पत्ता कळवतो, फोन ती वाचतो आणि यादीत टीव्हीचे नाव उमटते. ही ‘एसएसडीपी’ पद्धत. ॲपलने 2002 मध्ये वेगळी वाट धरली. त्यातल्या ‘मल्टिकास्ट डीएनएस’चे मानक स्टुअर्ट चेशायर आणि मार्क क्रॉकमल यांच्या नावावर फेब्रुवारी 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची हाक 224.0.0.251 या पत्त्यावर जाते आणि राउटर ती पुढे सोडत नाही. घरची हाक घरातच राहते.

ओळख पटली की खरा फरक सुरू होतो.

‘डीएलएनए’ या पद्धतीत फाइल फोनमध्येच राहते आणि टीव्ही ती तिथून ओढून घेतो. 2012 मध्ये आलेल्या ‘मिराकास्ट’मध्ये फोन आपला अख्खा स्क्रीन थेट टीव्हीकडे पाठवतो. राउटरही लागत नाही, मात्र बॅटरी भराभर उतरते. जुलै 2013 मध्ये 35 डॉलरला आलेल्या गुगलच्या क्रोमकास्टची तऱ्हा निराळी : फोन फक्त काय लावायचे ते सांगतो, व्हिडिओ ते यंत्र स्वतःच इंटरनेटवरून आणते. फोन मोकळा राहतो, पण नेट गेले की अडते. मार्च 2025 मध्ये तर गुगलच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टवर जगभर कास्टिंग बंद पडले. दुरुस्ती गुगलकडून येईपर्यंत सामान्य लोकांच्या हाती फारसे काही नव्हते.

म्हणूनच डोंगरातल्या शाळेला मिराकास्ट किंवा डीएलएनए असलेला टीव्हीच सोयीचा. खरेदीला जाताना एखादा धडा फोनमध्ये उतरवून न्यावा, दुकानात मोबाइल डेटा बंद करावा आणि तो टीव्हीवर लावून दाखवायला सांगावे. तिथे चालला, तरच पैसे मोजावेत.