वरच्याने खालच्याला पाणी का सोडावं?

पाटाच्या मधोमध एक लाकडी ओंडका आडवा टाकलेला. त्याच्या वरच्या कडेला खाचा कोरलेल्या, कुठली रुंद, कुठली अरुंद. खोली मात्र सगळ्यांची सारखी. पाणी ओंडक्याशी येऊन थबकतं आणि खाचांमधून फुटून वेगवेगळ्या पाटांना लागतं. ज्या पाटाखाली क्षेत्र जास्त, त्याची खाच रुंद. ओढ्याला पाणी वाढलं तर प्रत्येकाचा वाटा त्याच प्रमाणात वाढतो, आटलं तर त्याच प्रमाणात आटतो. मीटर नाही, लोखंडी दरवाजा नाही. शिवाय कुणाला किती पाणी जातंय हे येणाऱ्याजाणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसतं. या ओंडक्याला बालीत तेंबुकू म्हणतात आणि त्यातल्या एका वाट्याला तेकतेक.

जातिलुविह हे इंडोनेशियाच्या बाली बेटावरचं, तबानान जिल्ह्यातलं भातशेतीचं गाव. २,२७६ मीटर उंचीच्या बातुकारू ज्वालामुखीच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर ते वसलं आहे. गावाभोवती जवळपास ३०० हेक्टर भातखाचरं आहेत, पायरीपायरीने दरीत उतरत गेलेली. २०१२ साली युनेस्कोने बालीतल्या पाच ठिकाणची अशी खाचरं आणि त्यांची जलमंदिरं मिळून १९,५०० हेक्टरांचा प्रदेश जागतिक वारसा यादीत घेतला, त्यात जातिलुविहचा समावेश आहे. फोटो काढणारे या हिरव्या पायऱ्यांसाठी येतात आणि त्या सुंदर आहेतच. पण मला त्याहून मोठं आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सर्वांत वरच्या पायरीवरचा शेतकरी खालच्याला पाणी सोडतो, आणि हे शेकडो वर्षं चाललं आहे.

कालव्याच्या पाण्याशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला यातलं नवल सांगावं लागत नाही. हेडला ऊस आणि टेलला कोरडी चारी, हे चित्र आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो. पाणी ज्याच्या दारावरून आधी जातं त्याला ते अडवायला फक्त दोन पाट्या माती पुरते. मग बालीतला वरचा शेतकरी ती का टाकत नाही?

पहिलं उत्तर संघटनेत आहे. एका जलस्रोतावर भिजणाऱ्या सगळ्या खाचरांची मिळून जी शेतकरी संस्था असते, तिचं नाव सुबक. बालीत अशा सुमारे १,२०० सुबक आहेत आणि एकेका सुबकमध्ये साधारण ५० ते ४०० शेतकरी. हे नाव अकराव्या शतकातल्या लेखांत सापडतं. त्याआधीच्या, नवव्या शतकातल्या लेखांत पाण्यासाठी डोंगर पोखरून बोगदे काढणाऱ्या कारागिरांचा उल्लेख आहे. बालीतल्या नद्या खोल घळींतून वाहतात, त्यामुळे पाणी शेताच्या उंचीवर आणायचं तर बोगद्यांना पर्याय नव्हता.

सुबकची हद्द गावाच्या शिवेवरून ठरत नाही, पाण्यावरून ठरते. एका गावातल्या शेतकऱ्यांची खाचरं वेगवेगळ्या सुबकमध्ये असू शकतात आणि एखाद्याची दोन ठिकाणी असतील तर तो दोन्हींचा सभासद होतो. गावकीचा कारभार वेगळा, पाण्याचा वेगळा. जमीन कितीही असो, मत एकच. बालीत जातिभेद आहे आणि भाषेतही मानाच्या पायऱ्या आहेत. तरी सुबकच्या बैठकीत सगळ्यांनी सगळ्यांशी आदराच्या भाषेतच बोलायचं. पाणी चोरलं, पाट साफ करायला आला नाही, तर दंड काय, हे नियमावलीत लिहिलेलं असतं. तिला आविग-आविग म्हणतात आणि जुन्या नियमावल्या ताडपत्रांवर आहेत.

नियम आणि दंड मात्र आपल्याकडेही आहेत. तेव्हा खरं उत्तर याच्याही खाली शोधावं लागतं. ते शोधलं अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी. बालीत वर्षानुवर्षं काम करून त्यांनी दाखवून दिलं की वरच्या शेतकऱ्याला पाण्याची चिंता नसते, त्याला चिंता असते किडीची. खालच्याला उलट, पाण्याची. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांना तुमची मोठी अडचण कोणती असं विचारलं, तेव्हा उत्तरंही तशीच आली.

आता हे दोन धाक एकमेकांत कसे गुंततात ते बघा. भातावरचे तपकिरी तुडतुडे भातावरच जगतात. एका शेतकऱ्याने कापणी केली आणि शेजारचं भात हिरवं असलं, तर तुडतुडे तिकडे सरकतात. तिथलं कापलं की पुढे. पण एका मोठ्या पट्ट्यातली कापणी एकाच सुमारास उरकली आणि नंतर काही आठवडे सगळी खाचरं नुसती पाण्याखाली राहिली, तर किडीला खायलाच उरत नाही. उंदरांचंही तेच. म्हणजे वरच्या शेतकऱ्याचं पीक वाचायचं असेल तर खालच्यांची लावणी आणि कापणी त्याच्याबरोबरच व्हायला हवी. आणि ती व्हायची तर लावणीच्या वेळी त्यांना पाणी मिळायला हवं, जे याच्या हातात आहे. त्याने पाणी अडवलं, तर खालचे उशिरा लावतील, आणि याचं कापून झाल्यावर तिथे पोसलेली कीड पुढच्या हंगामात वर चढेल. वरचा पाणी देतो, खालचा त्याला किडीपासून सोडवतो. देणारा उपकार करत नाही आणि घेणारा मिंधा होत नाही.

पण अख्ख्या खोऱ्याने एकाच दिवशी लावणी करायची म्हटलं तर नदी पुरणार नाही. चिखलणी-लावणीलाच सर्वांत जास्त पाणी लागतं. पट्टे फार लहान ठेवले तर कीड जिंकते, फार मोठे ठेवले तर पाणी संपतं. किती सुबकनी एकत्र लावायचं आणि कुणी कुणाच्या मागून, हा हिशेब नाजूक आहे. हा हिशेब बालीत देवळात होतो.

बंधाऱ्यापाशी छोटं देऊळ, बऱ्याच सुबक मिळून त्याहून मोठं, मग डोंगरातल्या सरोवराकाठचं. जातिलुविहच्या परिसरात पुरा लुहुर पेताली आहे आणि वर जंगलात पुरा लुहुर बातुकारू. या देवळांच्या उत्सवांना सुबकचे प्रतिनिधी जमतात आणि कुणी कधी पाणी घ्यायचं ते ठरवतात. पूजेचे दिवस काढायला २१० दिवसांचं पंचांग आहे, ज्यात एक दिवसाच्या आठवड्यापासून दहा दिवसांच्या आठवड्यापर्यंत दहा प्रकारचे आठवडे एकाच वेळी चालू असतात. पाणी पहिल्यांदा पाटात घेताना पूजा, लावणीला पूजा, भात पोटरीत आलं की गर्भार बाईचे डोहाळे पुरवावेत तशी पूजा. भाताची देवता म्हणजे देवी श्री.

या पूजांकडे १९७० च्या दशकात सरकारने नुसत्या पूजा म्हणून पाहिलं. हरितक्रांतीची लवकर येणारी वाणं आली होती. जमेल तितक्या वेळा, जमेल तितक्या लवकर लावा, असं शेतकऱ्यांना सांगण्यात आलं. देवळांनी ठरवलेल्या पाळ्या मागे पडल्या. १९७९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या कर्जातून बालीच्या पाटबंधाऱ्यांच्या आधुनिकीकरणाची योजना सुरू झाली. सुरुवातीला पिकं चांगली आली. मग शेजारीशेजारी वेगवेगळ्या वयाची पिकं उभी राहिली आणि किडीला बारमाही जेवण मिळालं. तपकिरी तुडतुडे आले, त्यांना दाद न देणारं वाण आणलं, तर टुंग्रो हा विषाणूजन्य रोग आला. फवारण्या वाढल्या, पाण्याचं वेळापत्रक कोलमडलं. शेवटी शेतकऱ्यांनीच पुन्हा देवळांच्या पाळ्या धरल्या. १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. दशकाच्या अखेरीस विकास बँकेच्या मूल्यमापनानेही जलमंदिरांचं महत्त्व मान्य केलं.

लान्सिंग आणि परिसंस्थातज्ज्ञ जेम्स क्रेमर यांनी मग एक प्रयोग केला. जातिलुविहच्या पूर्वेला असलेल्या ओस आणि पेतानू या दोन नद्यांमधल्या १७२ सुबक त्यांनी संगणकात उतरवल्या. पाऊस, नद्यांचं पाणी, किडीची वाढ हे सगळं धरून. देवळं संगणकात घातलीच नाहीत. प्रत्येक सुबकला मनाला येईल तेव्हा लावणी करू दिली आणि एकच नियम ठेवला: हंगाम संपला की शेजाऱ्यांचं उत्पादन बघायचं, सर्वांत चांगलं ज्याचं त्याचं वेळापत्रक उचलायचं. काही वर्षांच्या गणितातच सुबकचे गट पडले, उत्पादन वाढत गेलं आणि पडद्यावर उमटलेली लावणीची रचना प्रत्यक्षातल्या जलमंदिरांच्या जाळ्याशी जुळू लागली. कुणा एका राजाने किंवा इंजिनियराने ही व्यवस्था आखून दिली असायला हवी असं नाही. शेजाऱ्याच्या शेताकडे नीट बघणाऱ्या माणसांकडूनही ती घडू शकते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

आपल्या धुळे-नाशिक भागातल्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत आठवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही बंधारा सामाईक, एका फडात सगळ्यांचं पीक एक, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी.

जातिलुविहचा खास माल म्हणजे लाल भात. हे गरवं भात, उंच वाढणारं, पाच महिन्यांहून अधिक घेणारं. वर्षातून एकदा ते लावतात आणि उरलेल्या काळात कमी दिवसांचं दुसरं वाण. पारंपरिक कापणी विळ्याने होत नाही. तळहातात मावणारं, बोटांआड लपणारं एक छोटं पातं असतं, त्याला इंडोनेशियात आनी-आनी म्हणतात. त्याने एकेक लोंबी खुडायची. देवी श्रीला पातं दिसून ती दचकू नये म्हणून ते लपवायचं, अशी श्रद्धा. लोंब्यांच्या पेंड्या बांधून उंच खांबांवरच्या कोठारात ठेवायच्या. कापलेल्या खाचरांत बदकं सोडली जातात. ती सांडलेले दाणे आणि किडे टिपतात आणि खतही देऊन जातात.

या व्यवस्थेवर आज जो ताण आहे तो किडीचा नाही. दक्षिण बालीत भातखाचरांवर व्हिला आणि हॉटेलं उभी राहिली आहेत आणि त्यांनाही पाणी लागतं. खाचर विकलं गेलं की सुबकचा एक सभासद जातो, पाट साफ करणारे दोन हात जातात आणि पट्टा तुटतो. जातिलुविहला २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटन गावांत निवडलं. मान मोठा आहे, पण त्यातून येणारा पैसा बांध सांभाळणाऱ्याच्या घरी गेला नाही, तर तो शेती कशासाठी करील?

बालीला जाणारे मराठी पर्यटक आता पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की देनपसारहून सुमारे ५० किलोमीटरवरच्या या गावासाठी एक अख्खा दिवस ठेवा. गावातल्याच एखाद्या साध्या खाणावळीत लाल भात मागा, निघताना त्याच तांदळाची पिशवी शेतकऱ्याकडून विकत घ्या, आणि फोटोसाठी उभ्या पिकात पाय घालू नका.