मुठीचा कस आणि पट्ट्याचा आधार

जड वजन जमिनीवरून उचलताना प्रथम काय थकते? बहुधा पाठ नव्हे, मांड्याही नव्हेत. थकतात ती बोटे. पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू मोठे. बोटे मिटविणारे स्नायू मात्र कोपर व मनगट यांमधील अरुंद जागेत वसलेले. म्हणून पाठीत बळ शिल्लक असतानाच दांडा हातातून निसटू लागतो.

यावर उपाय म्हणून व्यायामशाळेत जाड कापडाचे पट्टे वापरतात. पट्टा मनगटात अडकवून त्याचे मोकळे टोक दांड्याभोवती गुंडाळले, की भाराचा बराचसा भाग बोटांवरून मनगटावर जातो आणि पाठीला पुरता व्यायाम घडतो. हा त्याचा खरा उपयोग होय.

परंतु उपयोगाची सवय व्हायला वेळ लागत नाही. चाळिशीनंतर मी वजने उचलू लागलो, तेव्हा पहिल्या हलक्या फेरीपासूनच पट्टे बांधीत असे. दांड्यावरील वजन वाढले, त्याबरोबर अभिमानही. एके दिवशी नारायणगुड्यातील आमच्या इमारतीचा पंप बंद पडला. भरलेल्या दोन बादल्या घेऊन मी तिसऱ्या मजल्याकडे निघालो. दुसऱ्या मजल्यावरच बोटे उलगडली आणि पाणी जिन्यावरून वाहत गेले. पाठ ठणठणीत होती. मूठ मात्र अशिक्षित राहिली होती!

दोरीच्या मल्लखांबावर अशी फसवणूक चालत नाही. तेथे पकड सुटली की खेळच संपला. भारोत्तोलनाच्या स्पर्धेतही पट्टे निषिद्ध आहेत. श्रीकाकुलम जिल्ह्यातील करनम मल्लेश्वरी यांनी २००० साली सिडनी येथे ११० व १३० मिळून २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले, ते उघड्या हातांनीच. भारोत्तोलक अंगठा दांड्याला लावून त्यावर बोटे मिटतात, त्यामुळे दांडा सहसा फिरत नाही.

मुठीचे महत्त्व आखाड्यापुरते नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुठीची शक्ती ५ किलोने कमी, तेथे मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्के अधिक आढळला. मूठ आवळली म्हणजे आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. मूठ ही सर्वांगाच्या बळाची खूण आहे, एवढेच.

मग करावे काय? हलक्या व मध्यम फेऱ्या उघड्या हातांनीच कराव्यात. घाम आल्यास खडूची पूड लावावी. शेवटच्या उचलीनंतर दांडा दहा-पंधरा सेकंद तसाच धरून ठेवावा. आठवड्यातून दोनदा आडव्या दांडीला लोंबकळावे, किंवा दोन्ही हातांत वजने घेऊन चालावे. पाठीसाठीच्या अखेरच्या जड फेऱ्यांत पट्टे खुशाल बांधावेत. पण वजन खांद्यावर झेलावयाचे असेल तेव्हा कधीही नाही, कारण तेथे अडकलेले मनगट मोडू शकते.

आता मीही याच क्रमाने व्यायाम करतो. दांड्यावरील वजन प्रथम बरेच उतरवावे लागले, याची लाज वाटली खरी. पण गेल्या उन्हाळ्यात पंप पुन्हा बंद पडला, तेव्हा दोन्ही बादल्या तिसऱ्या मजल्यावर भरलेल्याच पोहोचल्या.