स्वरलिपीतील खुणा

मीरा-भाईंदरात गायनाच्या परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चा एखादा भाग पडला, की त्यातील रेघा, टिंबे आणि फुल्या त्यास मोडी दस्तऐवजाइतक्याच दुर्बोध वाटाव्यात, हे स्वाभाविक होय. वस्तुतः त्यांचा कायदा सुटसुटीत आहे. स्वराखाली आडवी रेघ असता तो कोमल, मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ असता तो तीव्र. टिंब खाली असेल तर मंद्र सप्तक, वर असेल तर तार. स्वरापुढील आडवी रेघ तोच स्वर आणखी एक मात्रा लांबविते, आणि खालची चंद्रकोर तिच्यावरचे सारे स्वर एकाच मात्रेत बसविते. त्रितालात पहिल्या मात्रेखाली समेची फुली, नवव्या मात्रेखाली खालीचे शून्य. खरी मौज कंसाची: (प) असे लिहिले, की ध, प, म, प हे चार स्वर त्वरेने घ्यावयाचे. मात्र १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत माथ्यावरचे टिंब मंद्राचे आणि उभी रेघ तारसप्तकाची. म्हणून पुस्तक कोणत्या पद्धतीचे, याची शहानिशा आधी करावी, नाहीतर मंद्रातला पंचम तारेत चढवून बसायचा.