पासिंग झालेली गाडी, घाटात तापलेला ब्रेक

चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये ओम्नी लिफ्टवर चढवली होती. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक सरकत्या दाराखालच्या पट्टीवर ठेवलं आणि अंगठ्याने जरा जोर दिला. टोक सरळ आत गेलं. पत्रा वाजला नाही, वाकलाही नाही, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा फाटला. "पासिंग कधी झालंय म्हणालात?" मिस्त्रींनी विचारलं. माझा आतेभाऊ कलमांची रोपवाटिका चालवतो. रोपं पोचवायला त्याला ही गाडी घ्यायची होती. त्याने आरसी पुढे केली. गाडी सोळा वर्षांची, पुनर्नोंदणी गेल्याच वर्षीची. कागदाच्या हिशेबाने ती अजून चार वर्षं रस्त्यावर चालायला लायक होती.

तो कागद खोटा होता असं मी म्हणणार नाही. गाडीच्या पोटाला डांबरी रंगाचा जाड थर होता आणि तपासणीत कुणी पत्रा टोचून बघत नाही, ड्रम उघडून बघत नाही. मग तपासणी मोजते तरी काय, आणि ते मोजमाप किती दिवस टिकतं? जुनी गाडी घेणाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. ओम्नीच्या बाबतीत तर नक्कीच. मारुती व्हॅन या नावाने ही गाडी १९८४ मध्ये आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे बाजारात मिळणारी प्रत्येक ओम्नी वापरलेलीच असणार. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नसतं. अशा गाडीत पत्रा आणि ब्रेक या दोन गोष्टींवर सगळी भिस्त.

आधी ब्रेक. यंत्रावरच्या तपासणीत गाडीची चाकं जमिनीतल्या दोन फिरत्या रोलरांवर उभी करतात. रोलर चाकाला सावकाश फिरवतात, चालक पेडल दाबतो आणि चाक किती ताकदीने अडतं ते आकड्यात दिसतं. चारही चाकांची बेरीज करून तिला गाडीच्या वजनाने भागलं की ब्रेकची कार्यक्षमता निघते. समजा, पुढच्या दोन चाकांनी प्रत्येकी १३० किलोची ताकद दिली, मागच्या डाव्याने १००, उजव्याने ७२. बेरीज ४३२. रिकामी ओम्नी ८०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे कार्यक्षमता ५४ टक्के.

आता त्याच गाडीत माणसं आणि रोपांच्या पिशव्या मिळून ४५० किलो चढवा. वजन झालं १२५०. ब्रेकने तेवढीच ताकद दिली तर आकडा ३५ टक्क्यांपेक्षाही खाली येतो. धडधाकट ब्रेक असेल तर पाय आणखी दाबून ताकद वाढवता येते, पण झिजलेल्या लायनरकडे ती शिल्लकच नसते. त्या उदाहरणातलं उजवं मागचं चाक पुन्हा बघा. डाव्यापेक्षा ते २८ टक्क्यांनी कमी अडलं. जुन्या ओम्नीत याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हील सिलिंडरचं रबर कडक होऊन गळू लागणं आणि त्या गळतीने लायनर भिजणं. हा दोष रोलर पकडतो, आणि चांगला पकडतो. माणसाच्या नजरेला तो ड्रम खोलल्याशिवाय दिसला नसता. म्हणूनच यंत्रावरच्या तपासणीची मला कदर आहे.

पण रोलर बसवलेले असतात सपाट जमिनीवर, आणि चाचणीवेळी ब्रेक बहुतेक थंड असतात. आतेभावाची रोपं जाणार होती कराडला. येताना कुंभार्ली घाट उतरायचा. उतरण उभ्या मापाने ५०० मीटर धरली आणि गाडी परतीलाही तेवढीच भरलेली, म्हणजे १२५० किलोची, तर त्या उतारात सुमारे ६१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत मोठी बादलीभर, म्हणजे जवळजवळ २० लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकलं तर सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर.

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नव्हे. तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे आणि त्याला हवेतली ओल शोषायची सवय आहे. कोकणातल्या हवेत ओलीला काय तोटा! डॉट ३ दर्जाचा नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच निकष १४० अंशांवर येतो. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल थेट तळाला जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. थोडं थांबून ब्रेक निवले की पेडल पुन्हा घट्ट लागतं, आणि हीच गाडी रोलरवर चढवली तर बिनदिक्कत पास होते.

याच्या उलटही घडतं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंशांना तापल्यावरच काम करू लागतो. सकाळी थंड इंजिनाने पीयूसीला नेलेली गाडी नापास होऊ शकते आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणली की पास. गाडी तीच, यंत्र तेच. टायरचंही तसंच. खाच १.६ मिलिमीटर उरली आहे का हे बघतात, पण रबराचं वय कोण बघतो? ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. आणि पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर चढवून न्यायची रीत ठाऊक नाही असं गॅरेज क्वचितच सापडेल.

गंजाची गोष्ट आणखी अवघड, कारण तो आतून बाहेर येतो. दाराखालची पट्टी म्हणजे पत्र्याची पोकळ नळीच. तिची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली की ओल आत कोंडते. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्यात मीठ आलं की पाणी वीज अधिक सहज वाहून नेतं आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेग घेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच गेलेला असतो. मिस्त्रींनी मागचं मॅटिंग उचललं आणि वास घेतला. "मासळी वाहिलीय हिच्यात." बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं तळात झिरपलं होतं. मागचे पाटे ज्या ठिकाणी अडकवतात तिथला पत्राही सोललेला होता.

खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. म्हणजे पहिली पंधरा वर्षं ब्रेकला कुणी अधिकृतपणे हातही लावत नाही. व्यवसायाच्या गाड्यांना आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, पण गंजाला पांढरी पाटी आणि पिवळी पाटी सारखीच. ब्रिटनमध्ये एमओटी नावाची तपासणी १९६० मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांसाठी सुरू झाली. १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवरच्या गाड्यांना लागू झाली आणि ती दरवर्षी होते. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या तिथल्या दोन गोष्टी. नंबर टाकला की गाडीचा तपासणीचा इतिहास कुणालाही बघता येतो. आणि सरकारी यंत्रणा तपासून झालेल्या काही गाड्या पुन्हा तपासते आणि दोन निकाल जुळतात का ते बघते. तपासणीचीही तपासणी होते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची वाट उघडली आहे, यंत्रातला आकडा तिथे थेट संगणकात जातो. तो आकडा गाडी घेणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. नुसतं 'पास' हा शब्द त्याच्या काही कामाचा नाही.

मिस्त्रींनी शेवटी पुढच्या चाकाचा निप्पल सैल करून थोडं ब्रेक ऑइल बाटलीच्या झाकणात काढलं. नवं असतं फिकट पिवळं. हे कोऱ्या चहासारखं होतं, तळाशी काळा गाळ. "घाट रोजचा का?" त्यांनी विचारलं. आतेभाऊ म्हणाला, "आठवड्यातून तीनदा." मिस्त्रींनी गाडी लिफ्टवरून खाली घेतली आणि किल्ली मालकाच्या हातात परत दिली.