रोजच्या मराठीतील शस्त्रे

पेडणे महालातील तेरेखोलचा किल्ला १७४६ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्याच्या तोफा केव्हाच थंडावल्या. परंतु आमच्या तुये गावच्या घरांत, बाजारात, इतकेच नव्हे तर वर्गातही, शस्त्रांची भाषा अद्याप नांदते आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे सांगणाऱ्याने तलवार हाती धरलेली असतेच असे नाही.

हे शब्द एकाच शस्त्रागारातले नव्हेत. रामबाण, ब्रह्मास्त्र, शरसंधान हा संस्कृताचा वारसा होय. तोफ मुळात तुर्की, बंदूक अरबी. दोन्ही फारसीच्या वाटेने आल्या. काडतूस व पिस्तूल ही पोर्तुगीजांची देणगी. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द द्यावेत, हा त्या कोशाचा हेतू. तरीही तोफ आणि बंदूक जागच्या हलल्या नाहीत. लोकांनी ज्या शब्दाला वाक्प्रचारात घर दिले, तो राजाज्ञेनेही बाहेर पडत नाही.

मूळ वस्तू विसरली की अर्थाची धार मात्र बोथट होते. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. स्वतःचे शस्त्र व घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. म्हणून ‘चळवळीचा शिलेदार’ म्हणताना स्वतःच्या पदरचे वेचणारा माणूस डोळ्यांपुढे यावयास हवा. इंग्रजीचेही असेच आहे. ‘फ्लॅश इन द पॅन’ म्हणजे क्षणिक चमक, एवढे मुले पाठ करतात. जुन्या बंदुकीच्या कानावरील दारू भडकली पण गोळी सुटलीच नाही, हे सांगितल्यावर त्यांना तो प्रयोग पुन्हा शिकवावा लागत नाही.

‘प्रश्नांची सरबत्ती’ हा तर आम्हां शिक्षकांचा आवडता शब्द. सरबत्ती म्हणजे अनेक बंदुकांची एकदम झडलेली फैर. हे स्मरले तर प्रश्नानंतर क्षणभर थांबून मुलाला उत्तरास अवकाश द्यावा, असे आपणांस वाटेल.

तथापि शब्द केवळ बोथटच होतात असे नाही; काही शब्द उजळूनही निघतात. मोर्चा म्हणजे शत्रूच्या माऱ्यापासून बचावासाठी किंवा त्याच्यावर मारा करण्यासाठी बांधलेला आडोसा. आज त्याच शब्दाने आपण निःशस्त्र लोकांच्या, उघड्या रस्त्यावरून चालणाऱ्या समूहास ओळखतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रही तिरंगा घेऊन चढले, तेव्हा त्यांच्या हाती शस्त्र नव्हते आणि पुढे आडोसाही नव्हता. मोर्चा या शब्दाचा नवा अर्थ मुलांस समजावून देण्यास आमच्या महालात याहून चांगला दाखला आम्हांस सापडलेला नाही.